पावतीवर वजन हवं

गाणाऱ्याचा सूर सुधारणाऱ्या ऑटो-ट्यून या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये भारतीय रागसंगीताच्या वाट्याला एक ओळ आली आहे. स्वरसप्तकांची यादी चीन, ग्रीस, जावा, अरबस्तान अशी फेरी मारते. वाटेत 'इंडियन' हे नाव लागतं आणि त्यापुढे इतकंच कळतं, की यात २२ स्वर आहेत आणि राग सादर करण्यासाठी ते वापरतात. कोणते २२? षड्जापासून किती अंतरावर? कोणाच्या मताप्रमाणे? पुढची ओळ दुसऱ्याच मुलखाची.

वारणा खोऱ्यातल्या वारणानगरहून सांगली फार लांब नाही. त्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० साली २२ श्रुतींवर एक इंग्रजी पुस्तक छापलं आणि प्रत्येक श्रुतीचं गुणोत्तर आकड्यांत मांडलं. अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावायचं, तार ताणायची, लांबी मोजायची, असा तो उद्योग होता. आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी त्यात रस घेतला आणि या हिशेबाची श्रुती-हार्मोनियम थेट लंडनहून बनवून आणली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ही पेटी पुढे आली, तेव्हा तिच्या स्वरांवरून चांगलाच वाद झाला. संगीतशास्त्रकार भातखंड्यांची दिशा तर मुळातच वेगळी होती. पण तो वाद होऊ शकला, कारण देवलांनी आकडे छापले होते. 'आमच्या पेटीत २२ स्वर आहेत' एवढंच लिहून ते थांबले असते, तर खोडायला तरी काय हाती लागलं असतं?

प्लगइनच्या, म्हणजे ऑटो-ट्यूनसारख्या जोड-सॉफ्टवेअरच्या, मॅन्युअलने वापरणाऱ्याला तांत्रिक तपशील किती द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता मूठभर ध्वनितंत्रज्ञांचा वाटतो. १९९६ साली जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने क्यूबेस या सॉफ्टवेअरबरोबर व्हीएसटी हे प्लगइनचं तंत्र आणलं तेव्हा तो तसा होताही. आज परिस्थिती वेगळी आहे. एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि भिंतीला लावलेली गोधडी एवढ्या सामानावर भजनाचे, पोवाड्याचे, हळदीच्या गाण्यांचे ट्रॅक खेडोपाडी तयार होतात. पूर्वी कपाटाएवढी जागा अडवणारी यंत्रं आता पडद्यावरच्या चौकटींत आली. कॉम्प्रेसर, इक्वलायझर, रिव्हर्ब, लिमिटर. यंत्र आलं तसं त्याचं मॅन्युअलही आलं, बहुधा इंग्रजी पीडीएफच्या रूपात, आणि बहुधा न उघडलेलं.

वारणानगरमध्ये या मॅन्युअलचे दोन्ही टोकांचे वाचक सापडतात. तात्यासाहेब कोऱ्यांनी साखर कारखान्याभोवती जे गाव उभं केलं, त्यात १९८३ पासून त्यांच्याच नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथला इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी फिल्टरचं समीकरण फळ्यावर सोडवतो. याच गावाने लहान मुलांचा वारणा बालवाद्यवृंद घडवला. त्या परंपरेतला पोरगा समीकरणाच्या वाटेला जात नाही, पण व्हायोलिनचा स्वर केसभर उतरला तरी त्याची मान वळते. एकाला आकडा कळतो, दुसऱ्याला कान आहे. मॅन्युअल लिहिणाऱ्याने कोणाला समोर बसवून लिहायचं?

कंपन्यांनी यावर दिलेली उत्तरं दोन्ही टोकांची आहेत. यामाहाचा डीएक्स७ सिंथेसायझर १९८३ साली आला. जॉन चाउनिंग यांनी शोधलेली एफएम पद्धत, सहा ऑपरेटर, ते जोडण्याचे ३२ प्रकार, आणि हे सगळं चालवायला बोटभर पडदा. मॅन्युअलने सगळी बटणं सांगितली. पण एखाद्या ऑपरेटरची पातळी वाढवली की आवाजाचं नेमकं काय होतं, हे समजायला चाउनिंग आणि डेव्हिड ब्रिस्टो यांचं स्वतंत्र पुस्तक १९८६ साली यावं लागलं. तोवर बहुतेकांनी कारखान्यातून भरून आलेले आवाज जसेच्या तसे वाजवले, आणि ऐंशीच्या दशकातली कितीतरी गाणी त्या एकाच इलेक्ट्रिक पियानोवर निघाली.

दुसऱ्या टोकाला वेव्हज कंपनीची वननॉब मालिका. एकच नॉब, फिरवा, आवडेल तिथे थांबा. आत काय चाललंय ते विचारू नका.

या दोहोंहून निराळे दोन मार्ग आहेत. एअरविंडोजचा क्रिस जॉन्सन शेकडो प्लगइन फुकट देतो. त्यांना चित्र नाही, दिवे नाहीत, नुसत्या सरकपट्ट्या. पण प्रत्येकाबरोबर साध्या भाषेतला मजकूर असतो आणि मूळ कोडही खुला. रीपर या सॉफ्टवेअरसोबत येणारे जेएसएफएक्स तर मजकुराच्या फाइलीच आहेत. उघडा, वाचा, एक आकडा बदला, जतन करा, लगेच ऐका. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला याहून चांगलं मॅन्युअल मिळणार नाही. वाद्यवृंदातल्या पोराला मात्र त्यातलं अक्षरही उपयोगाचं नाही, आणि 'कोड खुला आहे ना, मग आणखी काय सांगायचं' असं कोणी म्हणू लागला तर ती निव्वळ पळवाट आहे.

मग रेघ कुठे ओढायची? 'नवशिक्याला थोडं, जाणकाराला जास्त' हे नेहमीचं उत्तर फारसं कामाचं नाही. नवशिका आणि जाणकार हा एकच माणूस असतो, सकाळी वेगळा आणि रात्री वेगळा. वारणेच्या मातीत याला जास्त चांगलं उत्तर आहे, आणि ते ऊसगाडीच्या वजनकाट्यावर मिळतं.

भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं. गव्हाणीत ऊस रिकामा झाला की गाडी पुन्हा काट्यावर येते. पहिल्यातून दुसरं वजा, त्यातून बांधणीची वजावट, उरला तो ऊस. काट्याखालचा लोडसेल दाबाचं विजेत रूपांतर कसं करतो, हे शेतकऱ्याने कधी विचारलेलं नाही. पण पावतीवर भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि निव्वळ वजन हे तीन आकडे नसतील तर तो काट्यावरून हलणार नाही. वीस टन आणि एकोणीस टन यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. जे स्वतःला तपासता येत नाही ते छापून मागायचं, इतका साधा व्यवहार आहे. काटामारीवरून महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात जी आंदोलनं झाली ती याच एका गोष्टीसाठी.

तपशील आणि सोय यांची ओढाताण वारणेने आणखी एकदा पाहिली आहे. १९९८ साली इथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यातली सुमारे ७० गावं संगणकाने जोडायची, गावागावांत केंद्रं उघडायची, शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना सगळं पडद्यावर आणायचं, असा मोठा बेत होता. देशभरातून लोक पाहायला आले. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी बारकाईने पाहिलं तेव्हा गावच्या केंद्रातला संगणक मुख्यतः उसाच्याच नोंदींसाठी वापरला जात होता: किती ऊस गेला, किती खत उचललं, खात्यावर काय निघतं. मग त्यांनी 'वारणा अनवायर्ड' नावाने सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाइल. ठरावीक नमुन्यात एसएमएस पाठवायचा, उत्तरात आकडे यायचे. सारी माहिती १६० अक्षरांत बसली आणि कोणाचं काही अडलं नाही.

यावरून 'लोकांना थोडंच हवं असतं' असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि प्लगइन कंपन्यांना तो सोयीचाही आहे. पण त्या एसएमएसमध्ये काय होतं ते पाहायला हवं. गोड शब्द नव्हते, आकडे होते. आणि आकडा पटला नाही तर कारखान्यात खतावणी होती.

हाच काटा प्लगइनला लावून पाहू. जे कानाला आपोआप कळतं ते मॅन्युअलने सांगितलं नाही तरी चालेल. जे कानाला कळतच नाही, किंवा ज्यात कान फसतो, ते छापलंच पाहिजे.

११७६ हा कॉम्प्रेसर घ्या. बिल पटनम यांनी १९६७ च्या सुमारास बनवला. आज त्याच्या सॉफ्टवेअर नकला डझनावारी मिळतात. त्याच्या पुढ्यावर अटॅकचा नॉब आहे, १ ते ७ आकडे लिहिलेला. इतर बहुतेक यंत्रांवर अटॅकचा नॉब उजवीकडे फिरवला की वेळ वाढतो, म्हणजे यंत्र आवाजाला उशिरा पकडतं. इथे उलटं आहे. ७ वर सर्वांत वेगवान, म्हणजे २० मायक्रोसेकंद. १ वर सर्वांत मंद, म्हणजे ८००. ढोलकीची थाप जिवंत राहावी म्हणून एखादा नवखा नॉब उजवीकडे नेतो, थाप आणखी दबते, तो आणखी उजवीकडे नेतो. शेवटी तो स्वतःच्या कानावर संशय घेऊ लागतो. 'आकडा मोठा तितका वेग जास्त' हे वाक्य पहिल्या पानावर असेल तर ही फरपट वाचते. त्या नॉबमागच्या ट्रान्झिस्टरची कथा शेवटच्या पानावर असली तरी चालेल, नसली तरीही.

वेळेच्या आकड्यांत आणखी एक चकवा आहे. दोन कॉम्प्रेसरवर '१० मिलिसेकंद' लिहिलेलं असतं आणि दोघे वेगळे वागतात. कारण कोणी ६३ टक्के काम झालं की घड्याळ थांबवतो, तर कोणी ९० टक्क्यांवर. एकाने शेर वापरला, दुसऱ्याने किलो. किती टक्क्यांवर घड्याळ थांबवलं हे सांगायला अर्धी ओळ पुरते, आणि नेमकी तीच अनेक मॅन्युअलमधून गायब असते.

याउलट एलए-२ए हा कॉम्प्रेसर. पुढ्यावर कामाचे नॉब दोनच, वेळेचा एकही नाही. त्याच्या पोटात दिव्याने चालणारा प्रकाशसंवेदक आहे. त्यामुळे दाबलेला आवाज अर्धा पटकन सुटतो आणि उरलेला रेंगाळत. हे वागणं नॉबवर दिसणार नाही, म्हणून ते मॅन्युअलने सांगायचं. साऊंडटॉइजच्या डिकॅपिटेटर या प्लगइनवर ए, ई, एन, टी, पी अशी पाच अक्षरी बटणं आहेत. नुसती अक्षरं पाहिली तर कोडंच. मॅन्युअल मात्र सरळ सांगतं, की ए म्हणजे अँपेक्सचं टेप यंत्र, एन म्हणजे नीव्ह, टी आणि पी म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबच्या दोन तऱ्हा. सर्किटचा नकाशा दिलेला नाही, पण वंशावळ दिली आहे. वाचणारा तिथून पुढे स्वतः शोध घेऊ शकतो. हा तोल छान साधला आहे.

सगळ्यात नेकीचा नमुना फॅबफिल्टरच्या प्रो-क्यू इक्वलायझरचा. त्यात लिनियर फेज नावाची पद्धत आहे. तिचा गुण असा, की आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या एकमेकींच्या मागेपुढे सरकत नाहीत. दोष असा, की सगळा आवाजच उशिरा बाहेर पडतो. किती उशिरा? प्रो-क्यू ३ च्या मदत-पानांत तक्ताच आहे. सर्वांत खालच्या पातळीला ३,०७२ सॅम्पल, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे ७० मिलिसेकंद. सर्वांत वरच्या पातळीला ६६,५६० सॅम्पल, म्हणजे दीड सेकंद. गाणं तयार झाल्यावर मिक्सिंग चालू असेल तर हा उशीर सॉफ्टवेअर परस्पर भरून काढतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. पण तबलजी हेडफोन लावून त्याच वेळी वाजवत असेल तर ७० मिलिसेकंद म्हणजे त्याची स्वतःची थाप त्याला चोवीस मीटरवरून ऐकू येणं. दीड सेकंद म्हणजे अर्धा किलोमीटर. हा तक्ता नसता तर दोष तबलजीच्या लयीवर गेला असता. असे दोष सहसा वाजवणाऱ्याच्याच माथी येतात.

आता कान फसतो ती बाजू. एकच आवाज जरा मोठा वाजवला की तो जास्त भरदार वाटतो. खालचे आणि वरचे स्वर हलक्या आवाजात कानाला कमी पोचतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं. त्यामुळे एखादा प्लगइन चालू करताच आवाज एक-दीड डेसिबलने वाढत असेल, तर तो 'छान' वाटणारच. फेरीवाल्याने सफरचंदाला तेल पुसून ठेवावं तसा हा प्रकार. 'ऊब', 'खोली', 'ऍनालॉगचा गंध' असे शब्द मॅन्युअलमध्ये पानभर सांडलेले असतात. चालू केल्यावर पातळी किती वाढते, हा एक आकडा नसतो. व्यापारी गुपिताचं कारण इथे टिकत नाही. साखरेची पाककृती कोणी मागत नाही, पोत्याचं वजन मागतो.

आकड्यांच्या विरोधात बोलणाऱ्यांचीही बाजू आहे, आणि ती मिरजेत सर्वांत पटते. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याचं मॅन्युअल कोणी पाहिलं आहे? कारागीर घोडीच्या माथ्यावर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा दोन हात मारतो. जवारी 'उघडी' झाली की 'बंद', हे तो कानाने ठरवतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा जीवा सरकवतो आणि एका जागी तार अचानक बोलू लागते. ती जागा मिलिमीटरमध्ये लिहून दिली तरी दुसऱ्या तंबोऱ्यावर उपयोग नाही, आणि त्याच तंबोऱ्यावर दुसऱ्या दिवशीही नाही. तिथे आकडा कुचकामी ठरतो. आकडे पाहून नॉब लावणारे, कान मिटून डोळ्यांनी मिक्सिंग करणारे लोक स्टुडिओंत कमी नाहीत, हेही खरं. पण तंबोरा तुमच्यापासून काही लपवत नाही. जीवा हलवला, फरक ऐकू आला, संपलं. चौकटीआड तीन हजार सॅम्पल दडवून ठेवणारं यंत्र आणि तंबोरा यांना एका पंगतीत बसवता येणार नाही.

भाषेचा मुद्दा याहून अवघड आहे. आपल्याकडचा गायक 'मी काळी एकमध्ये गातो' म्हणतो, गायिका 'काळी चार' म्हणते. प्लगइनला हवा असतो सी शार्प किंवा जी शार्प. हे रूपांतर माहीत नसलेला पोरगा ऑटो-ट्यूनमध्ये भलतीच पट्टी निवडतो आणि चांगल्या गळ्याचं वाटोळं होतं. बारा ओळींच्या एका तक्त्याने काम भागेल: पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, अशा क्रमाने पांढरी सातपर्यंत. तसंच रिट्यून स्पीडचं. मॅन्युअल सांगतं, की हा आकडा शून्यावर नेला की स्वर क्षणात जागेवर खेचला जातो; १९९८ मधल्या शेरच्या 'बिलीव्ह' गाण्यापासून जगाला तो आवाज ठाऊक आहे. पण मींड त्या शून्यावर पायऱ्या होऊन पडते आणि गमकेचं पीठ होतं, हे कोणी सांगायचं? तपशील भरपूर आहे, पण तो दुसऱ्याच गाण्याचा आहे.

शब्द आपापल्या वाटेने गावात शिरतात तेव्हा काय होतं, याचा मासला 'डॉल्बी'. रे डॉल्बी यांनी १९६५ साली कंपनी काढली आणि पहिलं नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या यंत्रणेवर. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात डॉल्बी म्हणजे मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत, जिने खिडकीची तावदानं थरथरतात. गोंगाट घालवणाऱ्याचं नाव गोंगाटालाच बसलं. त्या भिंतीमागेही एक प्रोसेसर असतो आणि त्यात लिमिटर असतो. त्याची मर्यादा किती ठेवायची हे पुढच्या ऍम्प्लिफायरच्या संवेदनक्षमतेवर ठरतं. दोन मॅन्युअल शेजारी ठेवून गणित करायचं. ते केलं नाही तर लिमिटर नुसता दिवा लावून बसतो आणि स्पीकरची कॉइल जळते. आवाजाच्या त्रासाचं तर विचारूच नका; निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या नियमांची मर्यादा तिथे कोणाच्या गावी नसते.

मॅन्युअल लांब असणं हा काही दोष नव्हे. रीपरचं चारशेहून जास्त पानांचं आहे आणि ते कोणी सलग वाचत नाही. अडलं की पान उघडायचं. दोष असतो तो लांबी चुकीच्या जागी खर्च होण्यात. 'व्हॉल्यूमचा नॉब व्हॉल्यूम कमी-जास्त करतो' असं वाक्य छापायला जागा सापडते. इक्वलायझरची समीकरणं तर रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांच्या कूकबुकमध्ये केव्हापासून फुकट मिळतात. ज्याला हवी तो तिथे जाईल. लाउडनेसचा मीटर कोणत्या प्रमाणाने मोजतो, हे सांगायला 'आयटीयू बीएस १७७०' एवढे शब्द पुरे.

आणि ते २२ स्वर. पियानोच्या पट्टीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप). ५ : ४ या गुणोत्तराने येणारा गंधार ३८६ वर. त्याच नावाचा तिसरा एक, ८१ : ६४ चा, ४०८ वर. मिरजेचा चांगल्या जवारीचा तंबोरा लावला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपसूक ऐकू येतो. तो ३८६ चा असतो, कारण तारेचा पाचवा स्वरांश तिथेच पडतो. भूप गाणारी मुलगी त्याच्याशी गळा मिळवते. मग तिचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधून जातं. पट्टी पियानोची असेल तर तिचा गंधार १४ सेंट वर उचलला जातो, आणि मागे तंबोरा मात्र आपलाच गंधार बोलत राहतो. मिक्स करणाऱ्याला काहीतरी खटकतं, तो यादीत खाली जाऊन 'इंडियन' निवडतो. त्या २२ पैकी कोणता गंधार तिच्या वाट्याला येणार, हे पाहायला तो मॅन्युअल उघडतो. तिथे एक ओळ आहे.